सह्याद्रीचे पाय, चुनखडीची वाट

साताऱ्यातून ट्रेकला जाणाऱ्याला दगड माहीत असतो तो एकच, काळा. पायऱ्यापायऱ्यांचे कडे, वर सपाट माथा, आणि ऐन चैत्रातही कातळातल्या टाक्यात तळाला उरलेलं पाणी. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही तिघं इंग्लंडमधल्या डर्बीशर आणि यॉर्कशरच्या चुनखडीच्या दऱ्या पायी बघायला गेलो. नकाशा बघून आधी वाटलं होतं, चढ तर अजिंक्यताऱ्याएवढेही नाहीत, यात अवघड ते काय? अवघड निघाली कागदपत्रं, तिथल्या बसची वेळापत्रकं, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे पाण्याचा अंदाज. तो आपला तिथे साफ चुकतो. जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून तारीखवार लिहून ठेवतो.

व्हिसापासून सुरुवात. साधा सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा पुरतो. प्रवासाच्या तीन महिन्यांच्या आत अर्ज करता येतो, त्याआधी नाही. आम्ही २ मार्चला ऑनलाइन फॉर्म भरला. तेव्हा फी ११५ पाउंड होती, म्हणजे माणशी बारा हजारांच्या वर. ही फी अधूनमधून वाढते, तेव्हा भरण्याच्या दिवशीचा आकडा बघावा. फॉर्म भरताना गेल्या दहा वर्षांतल्या परदेशवाऱ्या विचारतात. जुना पासपोर्ट हाताशी घेऊनच बसा, नाहीतर अर्ध्यात उठून कपाट उपसावं लागतं.

कागदांत मुख्य म्हणजे सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, नोकरीचं आणि रजेचं पत्र, आयकर विवरण, आणि कुठे राहणार, कुठे चालणार याचा दिवसवार तक्ता. खात्यात अर्जाच्या तोंडावर एकदम मोठी रक्कम दिसली की ती कुठून आली हे व्हिसा अधिकाऱ्यांना कळायला हवं. कुणाची एफडी मोडून पैसे आले असतील तर मोडल्याची पावती जोडा. आमच्यातल्या एकाची शेती आहे, म्हणून सातबारा लावायचा होता. मराठी कागद तसाच चालत नाही. इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतराखाली ‘हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे’ असं लिहून तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क लागतो. आमच्या पहिल्या भाषांतरावर नुसता गोल शिक्का होता, तारीख नाही. पुन्हा करून घेण्यात चार दिवस आणि सहाशे रुपये गेले.

१४ मार्चला पुण्यातल्या व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो. सकाळी साडेअकराची वेळ होती, साताऱ्याहून सहाच्या एसटीने निघालो. खंबाटकीत ट्रक बंद पडून रांग लागली, तरी वेळेत पोचलो. जवळचं लग्न असेल तर बोटांच्या टोकांना मेंदी लावू नका, ठसे उमटत नाहीत. कागद आधीच घरून अपलोड केले तर तिथे स्कॅनिंगचे वेगळे पैसे पडत नाहीत. एसएमएस, आरामशीर खुर्च्यांची जागा, असल्या जादा सेवा काउंटरवर पुढे करतात. त्या ऐच्छिक असतात, नम्रपणे नको म्हणावं. साधारण तीन आठवडे लागतात, आम्हाला पासपोर्ट ५ एप्रिलला मिळाले. मधल्या काळात रोज ईमेल उघडण्यापलीकडे काही करता येत नाही. विमानाचं तिकीट मात्र तोवर काढू नये. आम्ही नंतर काढलं, थोडं महाग पडलं, पण झोप लागली.

सामानाबद्दल एक खास सातारी सूचना: कंदी पेढे न्यायचे नाहीत. दूध आणि दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, मांसही नाही. साजूक तुपातले लाडूही त्यातच आले. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेले पोहे, चिक्की चालतात, आणि चालताना तेच कामाला येतं.

मधल्या सहा आठवड्यांत तयारी म्हणून पाठीवर सात किलो घेऊन रोज अजिंक्यतारा. त्याचा उपयोग झाला, पण अर्धाच. तिकडे चढ थोडा आणि अंतर फार. दिवसाला पंधरा किलोमीटर, त्यातले निम्मे ओल्या गवतातून. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी सपाटीवर पाच तास न थांबता चाला. रेनकोट म्हणून पोंचो नेऊ नका. महाबळेश्वरच्या पावसात तो ठीक, तिकडच्या वाऱ्यात तो डोक्यावर उलटा होतो आणि पाय कुठे टाकतोय ते दिसत नाही. जाकीट आणि वरून घालायची वॉटरप्रूफ पँट, दोन्ही लागतात. मे असला तरी अंगावर थंडीच होती, माळावर वारा सुटला की कानटोपी काढवत नाही.

आता दगडाकडे येतो, कारण तो समजला की पुढचं सगळं समजतं. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारायचा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. निवळी दुधाळ होते, इथपर्यंत लक्षात राहतं. पण फुंकत राहिलं तर ती परत स्वच्छ होते, हे बहुतेक जण विसरतात, कारण तोवर बाई पुढच्या बाकाकडे गेलेल्या असतात. तयार झालेली चुनखडी जादा कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्यात विरघळते, एवढंच त्यात आहे. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून हाच वायू घेऊन चुनखडीवर पडतं. दगडाला उभ्या भेगा असतातच, त्या विरघळून रुंद होतात, पाणी आत उतरतं, खाली बोगदे होतात, आणि वरची दरी कोरडी पडते. आपला बेसाल्ट असा विरघळत नाही. आपल्याकडे पाणी दोन थरांच्या सांध्यातून, लाल मातीच्या पट्ट्याच्या वरून पाझरतं, म्हणून कड्याच्या पोटात झरा शोधायची आपली सवय. चुनखडीत तसं शोधाल तर तहानलेले राहाल.

तिथला कागदी नकाशा घेतल्याशिवाय निघू नका. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा-संस्थेचे पंचवीस हजारी नकाशे येतात. डर्बीशरच्या भागाला ओएल २४ क्रमांकाचा, यॉर्कशरमधल्या मॅलमच्या भागाला ओएल २. एक सेंटिमीटर म्हणजे अडीचशे मीटर. हिरव्या तुटक रेघा म्हणजे सार्वजनिक वाट. ती कुणाच्या शेतातून, अगदी अंगणालगत गेली तरी चालायचा हक्क असतो, फक्त उघडलेलं फाटक लावून घ्यायचं. आपल्याला मुद्दाम शिकावी लागते ती निळी रेघ. ओढ्याची रेघ माळावर मध्येच संपते आणि शेजारी बारीक अक्षरात ‘सिंक्स’ लिहिलेलं असतं. पाणी तिथे जमिनीत गेलं. दुसरीकडे कुठेतरी ‘स्प्रिंग’ लिहून रेघ पुन्हा सुरू होते. ‘शेक होल’ लिहिलं असेल तिथे माती खाली खचून झालेले वाटीसारखे खड्डे असतात. धुक्यात वाट सोडून तिथून आडवं कापायचं नाही.

१८ मे रोजी मुंबईहून निघून एका ठिकाणी विमान बदलत मँचेस्टर, तिथून तासाभराच्या रेल्वेने डर्बीशरमधलं बक्स्टन. तिथल्या खोलीतली चहाची किटली उघडली तर तळाला पांढरा खरबरीत थर. चहावर त्याच्या पापड्या तरंगत होत्या. पहिल्या दिवशी किटली घासून काढली, दोन दिवसांत पुन्हा तोच थर. दरी बघायच्या आधी दगड कपात आला होता.

२२ आणि २३ मे दोन्ही दिवस पाऊस. २४ मेला शुक्रवारी ‘ची डेल’ ही वाय नदीची घळ. बक्स्टनहून बसने दहा-बारा मिनिटांत टॉपली पाइकच्या थांब्यावर उतरायचं. तेव्हा इंग्लंडभर बहुतेक बसचं एकेरी भाडं जास्तीत जास्त दोन पाउंड होतं, २०२४ अखेर ती सवलत संपली. थांब्यावरून नदीकाठाने ब्लॅकवेल मिलच्या घरांपर्यंत रुंद रस्ता आहे. तिथून घळ अरुंद होते, दोन्हीकडे फिक्या राखाडी भिंती, आणि एका जागी कडा नदीवर इतका झुकतो की काठच उरत नाही. तिथे कड्याच्या कडेने पाण्यातच चौकोनी दगड बसवलेत, त्यांवरून एकेक पाऊल टाकत जायचं. कोरड्या दिवसात लहान मुलं सहज जातात. आम्ही पोचलो तेव्हा पहिले तीन दगड दिसत होते, चौथ्यावरून पाणी वाहत होतं आणि पुढचे नुसते वरच्या फेसावरून ओळखायचे.

इथे आपला अनुभव दगा देतो. सह्याद्रीत ओढ्याला लोंढा येतो तसा तासा-दोन तासांत उतरतोही, त्यामुळे ‘थांबू, ओसरेल’ असं मनात येतं. पण इथे माळावरचं बरंचसं पाणी आधी दगडाच्या पोटात जातं आणि मग झऱ्यांतून बाहेर पडत राहतं. पाऊस थांबून ऊन पडलं तरी नदी चढलेलीच राहू शकते. नदीची पातळी सरकारी संकेतस्थळावर मोजणीच्या ठाण्यानुसार दिसते. ती निघण्याआधी बघायची, आकाश बघून ठरवायचं नाही. आम्ही आकाश बघून ठरवलं होतं.

मागे फिरलो तरी दिवस वाया जात नाही. घळीच्या वरच्या अंगाने जुन्या रेल्वेची वाट आहे, मॉन्सल ट्रेल. १९६८ मध्ये इथली रेल्वे बंद झाली, पुढे तिची चालायची वाट केली आणि २०११ पासून बोगदेही खुले आहेत. एकूण साडेआठ मैल. ब्लॅकवेल मिलपासून मिलर्स डेलपर्यंत तीच घळ पुलांवरून आणि बोगद्यांतून वरून बघत गेलो. बोगद्यांत दिवसा दिवे असतात, पण छतातून थेंब पडतात आणि सायकली जोरात येतात. डावी बाजू धरून चाला. बोगद्याच्या भिंतीवर हात फिरवला की जागोजागी मेणासारखा गुळगुळीत थर लागतो. आत झिरपणाऱ्या पाण्याने आणून सोडलेला तोच चुना.

२५ मेला मुक्काम लीड्सला हलवला. मॅलम सोमवारी करायचं होतं, पण २७ मेला तिकडे बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी. अशा दिवशी बस रविवारच्या वेळापत्रकाने धावतात आणि मॅलमच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची कास पठारासारखी रांग लागते. म्हणून मंगळवार, २८ मे. लीड्स ते स्किप्टन रेल्वेने पाऊण तास, पुढे मॅलमची बस. दिवसाला मोजक्याच फेऱ्या, त्यामुळे परतीच्या शेवटच्या बसची वेळ आदल्या रात्री कागदावर लिहून घ्यायची. घळीत रेंज जाते.

मॅलम गावातून ओढ्याकाठाने जॅनेट्स फॉसकडे जाणारी वाट शेतांतून जाते. मे महिन्यात मेंढ्यांची कोकरं असतात, त्यांच्या आणि आईच्या मधून जायचं नाही. वासरं असलेल्या गाईंपासून तर लांबूनच वळसा. पुढे रान सुरू झालं की फोडणीचा वास येतो. खाली जमिनीवर पांढऱ्या फुलांचा गालिचा, तो रानलसणीचा. पान चुरडलं की हाताला तासभर वास राहतो. फॉस म्हणजे धबधबा. हा उंचीला फार नाही, पण त्याच्या मागची भिंत बघण्यासारखी. इतरत्र पाणी दगड खातं, इथे उलट घडतंय. विरघळलेला चुना घेऊन आलेलं पाणी पडताना उसळतं, त्यातला वायू निसटतो आणि चुना शेवाळावर बसत जातो. शेवाळाचा दगड होतो आणि त्यावर नवं शेवाळ. पडद्यासारखा सुटलेला तो भाग ठिसूळ असतो, फोटोसाठी त्यावर चढू नये.

तिथून वीसेक मिनिटांवर गोर्डेल स्कार. दोन्ही बाजूंनी शंभर मीटरच्या आसपास कडे, वाट वळली की एकदम समोर येतात आणि माणूस आवाज खाली करून बोलायला लागतो. आपल्या सांदण दरीची आठवण येते, फक्त इथे भिंती फिक्या आणि मधून ओढा. वर जायचं तर धबधब्याच्या शेजारून दहा-बारा फुटांचा रॉकपॅच, म्हणजे हातापायांनी चढायचा खडकाचा टप्पा आहे. रॉकपॅच म्हणून सोपा, पकडी मोठ्या. पण हजारो हातापायांनी घासून चुनखडी काचेसारखी गुळगुळीत झाली आहे. ओल्या बेसाल्टवर शेवाळ नसेल तर बूट धरतो, त्याचे कण खडबडीत असतात. झिजलेली चुनखडी शेवाळ नसतानाही धरत नाही, बूट कितीही चांगला असो. आणि चढलेलं तिथूनच उतरायचा प्रसंग आला तर ते आणखी वाईट. पाणी पकडींवरून वाहत होतं, आम्ही हात लावून बघितला आणि मागे फिरलो. मागे गोर्डेल पुलाजवळून डोंगर चढणारी वाट वरच्या डांबरी रस्त्याला मिळते, त्या रस्त्याने उत्तरेला गेलं की मॅलम टार्न हे तळं. यात तासभर जास्त जातो, तो आधीच धरून ठेवा.

टार्नपाशी पोचल्यावर सातारकराने एक प्रश्न विचारायलाच हवा: ज्या दगडात ओढासुद्धा टिकत नाही तिथे तळं कसं? तळ्याखाली चुनखडी नाही, म्हणून. तिथे तिच्याखालचा जुना पाटीचा दगड वर आला आहे, तो पाणी धरतो. तळ्याच्या दक्षिणेला तळ्यातून निघणारा ओढा रस्ता ओलांडतो आणि पुन्हा चुनखडीवर येतो. त्या जागेला नावच वॉटर सिंक्स. रस्त्यापासून काही मिनिटं ओढ्याच्या कडेने चाललो. चांगला गुडघाभर, खळखळणारा. मग तो दगडधोंड्यांत पसरला, चार-पाच धारा झाल्या, एकेक धार दोन दगडांच्या मधे वाकली आणि संपली. भोवरा नाही, गुहेचं तोंड नाही. शेवटच्या धारेजवळ बसलं की खाली कुठेतरी बाटली भरल्यासारखा गुडगुड आवाज येतो, आणि पलीकडे सुक्या गवतावर मेंढी चरत असते. ते पाणी बाटलीत भरण्याचा मोह टाळा. चुनखडीतलं पाणी मातीतून गाळून येत नाही, भेगांतून जसंच्या तसं जातं, मेंढ्यांच्या लेंड्यांसकट. मग झऱ्यावर ते कितीही नितळ दिसो. माणशी दोन लिटर गावातूनच भरून घ्या.

पुढे वॉटलोजची कोरडी दरी. हिमयुगाच्या अखेरीस जमीन गोठलेली असताना भेगा बर्फाने बुजल्या होत्या, तेव्हा वितळलेलं पाणी वरून वाहिलं आणि त्याने ही दरी कोरली. भेगा मोकळ्या झाल्या आणि नदी खाली गेली. उतरताना दगडी पायऱ्या गुडघ्याला लागतात, खाली तळ सपाट. नदीपात्रातून चालतोय हे कळतं, पण पात्रात गवत.

दरी संपते ती मॅलम कोव्हच्या माथ्यावर. ऐंशी मीटर उंच, तीनशे मीटर रुंद असा कमानदार कडा, आणि माथ्यावर फरशी घातल्यासारखा सडा. फरशीला तिकडे क्लिंट म्हणतात, मधल्या भेगांना ग्राइक. वीतभर ते हातभर रुंद, काही कमरेइतक्या खोल, आत फर्न वाढलेले. चालायची रीत अशी: पाऊल फरशीच्या मध्यावर, उडी नाही, आणि हलणारी फरशी पायाने आधी दाबून बघायची. काठी इथे बॅगेत टाका. आमच्या एकाची काठी भेगेत अडकली, अंगाचा भार पुढे गेला आणि काठी वाकली ती वाकलीच. नशीब, घोट्याऐवजी काठी. कड्याच्या काठाला कठडा नाही. आठवण म्हणून दगडाचा तुकडा उचलू नका, या सड्यांना कायद्याचं संरक्षण आहे. या कड्यावरून एरवी पाणी पडत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये डेस्मंड वादळात भेगांना पाणी झेपलं नाही, तेव्हा तो थोडा वेळ पुन्हा धबधबा झाला होता.

बाजूच्या चारेकशे पायऱ्या उतरलं की कड्याच्या पायथ्याशी कपारीतून गुपचूप ओढा बाहेर येतो. आम्ही तिघांनीही एका सुरात म्हटलं, हेच ते वॉटर सिंक्सचं पाणी! चूक. हे पाणी येतं दुसऱ्याच सिंकमधून, पश्चिमेकडच्या जुन्या शिसं गाळण्याच्या भट्टीजवळ बुडणाऱ्या ओढ्याचं. टार्नचं पाणी कोव्हच्या खालून गाव पार करून जातं. दोन प्रवाह जमिनीखाली एकमेकांच्या वाटा ओलांडतात, हे वरून बघून कुणाला सुचणार नाही. रंग सोडून आणि टार्नचं पाणी अडवून-सोडून तपासलं तेव्हा ते कळलं.

अडचण आली तर ९९९ लावून पोलिस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू सांगायचं. ती पथकं स्वयंसेवकांची असतात, पैसे घेत नाहीत. रेंज नसेल तर शिटी, मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. विमा तरीही काढा, दवाखान्यासाठी. आमचा सगळा खर्च विमानासकट माणशी पावणेदोन लाखांच्या आसपास गेला, त्यात बसचे पैसे सगळ्यांत कमी आणि ओले मोजे वाळवायला लाँड्रीत घातलेली नाणी अपेक्षेपेक्षा जास्त.

गावात परतलो तेव्हा शेवटच्या बसला पन्नास मिनिटं होती. तेवढ्या वेळात एअर हेड हा झरा बघून होत होता. गावाच्या दक्षिणेला ओढ्याकाठच्या शेतातून दहा मिनिटं, वाट चिखलाची. तिथे बघायला फारसं काही नाही, म्हणून कुणी जात नाही. गवताच्या काठाखालून, मातीला जराही धक्का न लावता, पाणी वर येतं आणि लगेच नदी म्हणून चालू लागतं. टार्नचं पाणी ते हे. दुपारी आम्ही त्याला दोन दगडांच्या मधे बुडताना पाहिलं होतं. तिघांनी बोटं बुडवली, थंडीने सुन्न झाली. बुटांवरचा पांढरा चिखल तिथेच धुवायला हवा होता. बसमध्ये तो वाळला आणि नंतर घासूनही निघेना, चुन्याच्या गिलाव्यासारखा.